ठिपक्यांच्या बोंडअळीचे पतंग ओळखा



भेंडीचे पीक तीन-चार आठवड्यांचे झाले की एखाद्या सकाळी काही झाडांचे शेंडे माना टाकलेले दिसतात. जमिनीत पुरेशी ओल असते, शेजारची झाडे टवटवीत असतात, तरी मधलेच एखादे झाड शेंड्याकडून सुकू लागते. असे दिसले की बरेच जण मर रोग आला असे समजतात. एक भेंडी उत्पादक अशीच चार झाडे मुळासकट उपटून आमच्या विभागात घेऊन आले होते. बुरशीनाशकाची आळवणी दोनदा करून झाली होती आणि तिसरी कोणत्या औषधाची करावी हे त्यांना विचारायचे होते. झाडांची मुळे पांढरीशुभ्र व निरोगी होती. सुकलेला शेंडा ब्लेडने उभा चिरला तेव्हा आत पोकळ नळी झालेली, तिच्यात विष्ठा भरलेली आणि टोकाला करड्या रंगाची आखूड, जाडसर अळी बसलेली आढळली. दोन आळवण्यांचा खर्च गेलाच, शिवाय तेवढ्या दिवसांत अळी शेंड्यातून कळ्यांपर्यंत आणि फळांपर्यंत पोहोचली होती.

ही अळी म्हणजे भेंडीवरील शेंडे व फळे पोखरणारी अळी. कपाशीवर हिलाच ठिपक्यांची बोंडअळी म्हणतात. अळी बहुतेकांना माहीत असते. तिचा पतंग मात्र डोळ्यांसमोरून उडून गेला तरी ओळखला जात नाही. पतंग ओळखता आला तर किडीची चाहूल अंडी घालण्याच्या वेळीच लागते, शेंडे सुकेपर्यंत थांबावे लागत नाही. म्हणून या लेखात पतंगाविषयी जास्त आणि औषधांविषयी कमी लिहिले आहे.

कूळ आणि नावे

ठिपक्यांच्या बोंडअळीचे पतंग इअरिअस या वंशातील आहेत. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा वंश नॉक्ट्युइडी म्हणजे निशाचर पतंगांच्या मोठ्या कुळात घातलेला दिसेल. हल्ली तो नोलिडी या कुळात धरतात. या कुळातील नोला गटाच्या लहान, मळकट पांढऱ्या पतंगांच्या पुढील पंखांवर खवल्यांचे उभे झुपके असतात आणि त्यावरून इंग्रजीत साऱ्या कुळालाच झुपकेवाल्या पतंगांचे कूळ असे नाव पडले आहे. ज्वारीच्या कणसात दाणे खाणाऱ्या अळ्यांमध्ये नोला गटातील अळी सापडते, तिचा पतंग असा झुपकेवाला असतो. आपले इअरिअस पतंग त्याच कुळातले असले तरी त्यांचे पंख गुळगुळीत असतात. तेव्हा झुपका दिसला नाही म्हणून गोंधळून जाऊ नये.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती आढळतात, इअरिअस व्हिटेला आणि इअरिअस इन्सुलाना. तिसरी इअरिअस क्युप्रिओव्हिरिडिस ही कमी प्रमाणात आढळते. जुन्या पुस्तकांत इअरिअस फॅबिया असे नाव वाचले तर ती वेगळी जात समजू नये, ते व्हिटेलाचेच जुने नाव आहे. नावे अवघड वाटली तरी त्यांत ओळखीची खूण दडलेली असते. लॅटिन भाषेत व्हिटा म्हणजे पट्टा किंवा फीत, आणि व्हिटेलाच्या पंखावर खरोखरच पट्टा असतो. क्युप्रिओव्हिरिडिस म्हणजे तांबूस-हिरवा. इन्सुलाना म्हणजे बेटावरची. या नावाचा ओळखीसाठी काही उपयोग नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्वादुवाल यांनी १८३३ साली तिचे वर्णन केले ते मादागास्कर आणि मॉरिशसकडील बेटांवरच्या कीटकांच्या अभ्यासात, म्हणून हे नाव चिकटले.

पंखावरून ओळख

पतंग बसलेला असताना पाहावा. या जातींचे पतंग पंख अंगावर उतरत्या छपरासारखे मिटून बसतात. बसलेल्या पतंगाची लांबी साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर भरते, पंख पसरले तर दोन ते अडीच सेंटिमीटर. पाहायचे ते पुढचे पंख. मागील पंख तिन्ही जातींत रुपेरी पांढरे असतात, त्यांवरून काही कळत नाही.

व्हिटेलाचा पुढील पंख दुधी किंवा फिकट पिवळसर पांढरा असतो आणि त्याच्या मधोमध हिरवा पट्टा असतो. हा पट्टा पंखाच्या बुडाशी अरुंद असून बाहेरच्या कडेकडे रुंद होत जातो, म्हणजे लाकडी पाचरीसारखा दिसतो. पंख मिटून बसलेल्या पतंगाकडे वरून पाहिले की दोन हिरव्या पाचरी आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरा भाग असे चित्र दिसते. एकदा नीट पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

इन्सुलानाच्या पंखावर असा पट्टा नसतो. पुढचा पूर्ण पंख एकाच रंगाचा, कोवळ्या घाट्यासारखा पोपटी हिरवा असतो. जवळून पाहिल्यास त्यावर आडव्या, नागमोडी, किंचित गडद अशा तीन रेषा दिसतात. भिंग असेल तर या रेषा स्पष्ट दिसतात, नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात पंख धरून पाहावा.

येथे एक घोटाळा होतो आणि तो आमच्याकडूनही झाला आहे. इन्सुलानाचा रंग हंगामाप्रमाणे बदलतो. उष्ण दिवसांत निघालेले पतंग हिरवे, तर थंडीत निघालेले पिवळसर किंवा गवती तपकिरी असतात. एका हिवाळ्यात विद्यार्थ्यांनी प्रकाश सापळ्यातील पतंगांची मोजदाद करताना असे पिवळट पतंग ‘इतर’ या रकान्यात टाकले. मीही वही तपासून सही केली. पुढे एक नमुना भिंगाखाली सहज पाहिला तेव्हा त्या तीन आडव्या रेषा दिसल्या, आणि महिन्याभराची मोजणी पुन्हा करावी लागली. तात्पर्य इतकेच की इन्सुलाना ओळखताना रंगावर विसंबू नये. पट्टा आहे की नाही आणि रेषा आहेत की नाहीत हे पाहावे.

क्युप्रिओव्हिरिडिसचा पंखही हिरवाच, पण पुढच्या कडेला बुडाशी तांबूस झाक असते, पंखाच्या मध्यावर एक लहान गडद ठिपका असतो आणि बाहेरची कड तपकिरी असते. ही जात चीन व पूर्व आशियात अधिक महत्त्वाची आहे. आपल्या शेतात असा ठिपकेवाला पतंग मिळाला तर तो टाकून न देता विभागाकडे पाठवावा.

पंखांवरचे खवले झडलेला पतंग असेल, आणि सापळ्यात रात्रभर फडफडलेले पतंग बहुधा तसेच असतात, तर वरील खुणा दिसत नाहीत. अशा पतंगाची जात प्रयोगशाळेत जननेंद्रिये तपासूनच ठरवता येते. शेतावर उगीच अंदाज बांधू नये, ‘इअरिअस, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करावी.

सापळ्यातील पाहुणे

कामगंध सापळ्यात नर पतंगच येतात, मादी येत नाही. ठिपक्यांच्या बोंडअळीसाठी मिळणारा ल्युअर मुख्यतः व्हिटेलासाठी असला तरी त्यात इन्सुलानाचे नरही सापडतात, कारण दोन्ही जातींच्या मादीच्या गंधात एक मुख्य घटक समान आहे. म्हणून सापळ्यात पतंग आले एवढ्यावरून जात ठरवू नये, पंख पाहावेच.

भेंडी-कपाशीच्या शेतात आणखी काही पतंग दिसतात. अमेरिकन बोंडअळीचा म्हणजे घाटेअळीचा पतंग दणकट, जवळपास दुप्पट मोठा आणि गवती तपकिरी असतो. त्याच्या पुढील पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग असतो. शेंदरी बोंडअळीचा पतंग मात्र इअरिअसपेक्षाही लहान, करडा-तपकिरी आणि अरुंद पंखांचा असून पंखांच्या कडेला केसांची झालर असते. भेंडीची पाने गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग पिवळसर पांढरा, त्यावर तपकिरी नागमोडी रेषांचे जाळे असते. तो पंख पसरून सपाट बसतो. नागमोडी रेषा पाहून काही जण त्याला इन्सुलाना समजतात, पण बसण्याची ढब पाहिली की फरक लगेच कळतो.

एकाच दिवशी दोन प्रकारचे ल्युअर लावताना हात धुऊन किंवा हातमोजे बदलून लावावेत. एका ल्युअरचा गंध दुसऱ्याला लागला की सापळ्यात भलतेच पतंग येतात आणि मग ल्युअर खराब निघाला म्हणून विक्रेत्याशी भांडण होते.

अंडी, अळी आणि कोष

मादी कोवळे शेंडे, कळ्या, पाते व कोवळ्या फळांवर एकेक करून अंडी घालते. एक मादी साधारण २०० ते ४०० अंडी घालते. अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर व्यासाचे, निळसर हिरवे, गोल असते आणि त्यावरच्या उभ्या कंगोऱ्यांमुळे वरून छोट्या मुकुटासारखे दिसते. भेंडीच्या लवेत ते साध्या डोळ्यांना सापडणे कठीण, पण भिंगातून पाहिले तर आकारावरून चटकन ओळखू येते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते.

पूर्ण वाढलेली अळी दीड ते दोन सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती व मध्ये फुगीर असते. अंगावर काळपट-तपकिरी व नारिंगी ठिपके असतात, त्यावरूनच तिचे नाव पडले. इन्सुलानाच्या अळीच्या अंगावर बोटांसारखे मांसल उंचवटे ठळक असतात, त्यामुळे ती काटेरी दिसते. व्हिटेलाची अळी त्या मानाने गुळगुळीत असते. घाटेअळी फळ खाताना अर्धी बाहेर असते, ही अळी मात्र पूर्णपणे आत शिरते आणि छिद्राच्या तोंडाशी विष्ठा साचलेली दिसते. शेंदरी बोंडअळीची वाढ झालेली अळी गुलाबी असते, तिच्याशी घोळ होण्याचे कारण नाही.

उबदार हवामानात दहा ते सोळा दिवसांत अळीची वाढ पूर्ण होते. मग ती झाडावर, सुकलेल्या पानांत किंवा गळलेल्या पात्यांमध्ये मळकट पांढऱ्या रेशमाचा कोष विणते. कोष उलट्या ठेवलेल्या होडीसारखा असतो. ही खूण फार उपयोगी आहे, कारण रिकामा कोषही बरेच दिवस झाडावर चिकटून राहतो. भेंडीच्या खोडाला अशा होड्या चिकटलेल्या दिसल्या की किडीची एक पिढी होऊन गेली असे समजावे.

या किडीला शेंदरी बोंडअळीसारखी दीर्घ सुप्तावस्था नसते. थंडीत वाढ मंदावते, पण थांबत नाही. खरीप भेंडी, कपाशी, मग उन्हाळी भेंडी आणि मध्ये मोकळा काळ पडला तर बांधावरची मुद्रा (पेटारी), चिकणा, अंबाडी, परसातील जास्वंद व हॉलीहॉक अशी तिची वर्षभर सोय होते. कपाशीची फरदड ठेवणे हीही तिला दिलेली सोयच आहे. कोरड्या, कमी पावसाच्या भागात इन्सुलानाचे प्रमाण जास्त आणि पावसाच्या व दमट भागात व्हिटेलाचे जास्त असे साधारणपणे आढळते.

बरणीत पतंग काढून पाहा

पतंग शेतात पकडण्यापेक्षा घरी काढून पाहणे सोपे जाते. प्लास्टिकची स्वच्छ बरणी घ्यावी. तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा घालून त्यावर अळी असलेले शेंडे किंवा किडकी भेंडी ठेवावी आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. एक दिवसाआड औषध न मारलेली ताजी भेंडी चिरून आत टाकावी आणि जुनी काढावी. एका बरणीत एकच अळी ठेवणे बरे, दोन ठेवल्या तर कधी एकच उरते. कोष तयार झाल्यावर खाद्य बंद करून बरणी सावलीत ठेवावी. उबदार दिवसांत साधारण आठवड्याभरात, थंडीत त्याहून उशिरा, पतंग बाहेर येतो. पंखांवरचे खवले शाबूत असल्याने पट्टा किंवा रेषा स्पष्ट दिसतात.

कधीकधी बरणीत पतंगाऐवजी लहानशी गांधीलमाशीसारखी माशी निघते, किंवा अळी मध्येच फुगून, ताठ व तपकिरी होऊन चिकटलेली आढळते. हे रोगॅस जातीच्या परोपजीवी कीटकाचे काम. त्या माश्या शेतात सोडून द्याव्यात. दहापैकी तीन-चार अळ्या अशा निघाल्या तर फवारणीची घाई करू नये असे माझे मत आहे.

बीटी कपाशीत ही अळी सापडली तर

भारतात २००२ साली बीटी कपाशीला मान्यता मिळाली आणि २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. पुढे शेंदरी बोंडअळीने या कपाशीला दाद देणे बंद केले. ठिपक्यांची बोंडअळी मात्र आजही बीटीला सहज बळी पडते. त्यामुळे बीटी म्हणून लावलेल्या झाडाच्या शेंड्यात ही अळी धडधाकट जगताना दिसली तर ते झाड बीटीचे नसण्याची शक्यता फार मोठी आहे.

याचा अर्थ लगेच बियाणे बनावट असा घेऊ नये. हल्ली पाकिटातच सुमारे ५ टक्के बिगर-बीटी बियाणे मुद्दाम मिसळलेले असते. अशी झाडे शेतात विखुरलेली असतात आणि त्यांवर अळी आढळणे अपेक्षितच आहे. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची शंभर झाडे तपासून किती झाडांवर अळी आहे ते लिहून ठेवावे. शंभरात चार-पाच झाडे निघाली तर काळजीचे कारण नाही. ओळीच्या ओळी शेंडे सुकलेले असतील तर मात्र पाकीट, पावती व टॅग जपून ठेवून पानांची बीटी चाचणी करून घ्यावी आणि कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. अशा तक्रारीत ‘बोंडअळी पडली’ एवढेच लिहिले तर ती शेंदरी अळी असावी असे उत्तर मिळते. कोणती अळी ते नेमके लिहिले आणि बरणीतून निघालेला पतंग सोबत जोडला तर तक्रारीला वजन येते.

भेंडीवरील उपाय

फवारणीपुरता विचार केला तर व्हिटेला की इन्सुलाना याने फरक पडत नाही, उपाय एकच. फुले येण्यापूर्वी सुकलेले शेंडे अळीच्या छिद्राखाली दोन बोटे खुडून जाळावेत किंवा खोल पुरावेत. बांधावर टाकल्यास अळी तेथेच कोषात जाते. किडकी फळे प्रत्येक तोडणीला वेगळ्या पिशवीत काढावीत. बांधावरील मुद्रा व चिकणा उपटावे. हेक्टरी ५ कामगंध सापळे पिकाच्या वर फूटभर उंचीवर लावावेत. पतंग दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.

किडक्या फळांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या पुढे गेले तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के दाणेदार ३ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे. लेबलवर भेंडी हे पीक छापले आहे ना, हे पाहूनच औषध घ्यावे. या औषधानंतर ५ दिवस तोडणी करू नये असा नियम आहे. भेंडी तर दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते, म्हणजे प्रत्येक फवारणीमागे निदान एक तोडणी जून होऊन वाया जाते. आधी विक्रीयोग्य फळे तोडून घ्यावीत आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारणी करावी. मधल्या दिवसांतील जून फळे तोडून टाकावीत, जनावरांना घालू नयेत.

नमुना पाठवताना

शंका असल्यास पतंग विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावा. मेलेला पतंग सेलोटेपने चिकटवू नये, खवले टेपला लागून येतात. रिकाम्या काडेपेटीत टिश्यू पेपरची घडी अंथरून त्यावर पतंग अलगद ठेवावा. वरून कापूस दाबू नये. अळी पाठवायची असल्यास ती छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून पाठवावी, कोरडी पाठवल्यास आकसून तिच्या अंगावरचे उंचवटे दिसेनासे होतात. सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलने गाव, तालुका, पीक व वाण, झाडाचा कोणता भाग, आणि तारीख लिहावी. शाईचे अक्षर स्पिरिटमध्ये विरघळते आणि मग बाटली कोणाची हे आम्हाला कळत नाही.